तुळजाबाईंचा मुका आदितवार

पौडातल्या तुळजाबाई ढमाले अबोल आहेत असं कुणी म्हटलं, तर तो माणूस परगावचा समजावा, नाहीतर त्यानं त्यांना फक्त रविवारी सकाळी पाहिलेलं असावं. एरवी त्या दळण घेऊन गेल्या की गिरणी थांबायची, पण बोलणं थांबायचं नाही.

रविवारची गोष्ट वेगळी. त्या वर्षी (ऐंशी-ब्याऐंशीचा सुमार असेल) त्यांनी आदित्य-राणूबाईचं व्रत धरलं होतं. श्रावणात धरायचं आणि माघात रथसप्तमीला पुरं करायचं. दर आदितवारी उठल्यापासून सूर्याला अर्घ्य देईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, पाण्याचा घोटही घ्यायचा नाही. घरी हे अवघड नव्हतं. पौडाला सूर्य वेळेवर यायचा. चुलीवरचं दूध वर यायच्या आत तुळजाबाईही बोलत्या व्हायच्या. (त्यांचे यजमान जयसिंगराव यांना हे व्रत फार प्रिय होतं. रेडिओवरच्या बातम्या ते फक्त रविवारीच शेवटपर्यंत ऐकत.)

व्रत होतं मंजुळाच्या लग्नासाठी. पोरगी शहाणी, हसरी, आईवर गेलेली, म्हणजे बोलकी. शाळेच्या मुख्याध्यापिका शितोळेबाई यांच्या बँकेतल्या मुलाचं स्थळ आलं होतं. दिवाळीत बाईंनी मंजुळाला पाहिलं, "बघू" म्हणाल्या आणि बघता बघता पौष लागला. पौषात लग्नाची बोलणी कुणी करत नाही. त्यामुळे दोन्ही घरची माणसं बाजारात भेटली की भाजीच्या भावाबद्दल फार कळकळीनं बोलत.

एका शनिवारी संध्याकाळी जयसिंगराव कचेरीतून आले ते हात चोळतच.

"शितोळेबाई भेटल्या होत्या. उद्या धरणाच्या तळ्यावर श्रमदान आहे. पावसाळ्यात शाळेनं काठावर रोपं लावलीत ना, त्यांच्या भोवतीचं वाळलं गवत काढायचं. वणवा आला तर रोपं वाचली पाहिजेत. मी सांगून टाकलं, आम्ही तिघंही येतो."

"अहो, उद्या आदितवार!"

"म्हणून तर सुट्टी आहे!"

"माझं मौन असतं उद्या."

जयसिंगरावांचा चेहरा पडला, पण क्षणभरच. "टेम्पो उजाडायच्या आधी निघतो. वाटेतच सूर्य उगवेल. तू तिथल्या तिथं अर्घ्य दे नि सुरू हो."

तुळजाबाईंनी विचार केला. होणाऱ्या विहिणीसोबत (पौष आहे, असं मनात म्हणू नये, पण मन पंचांग बघत नाही) एक दिवस घालवायची अशी संधी पुन्हा कुठली? त्यांनी होकाराची मान हलवली. सगळं घडलं ते त्या एका मान हलवण्यामुळे.

मग त्यांनी मंजुळाला समोर बसवलं. "उद्या तिथं विचारलं तेवढंच बोलायचं. हो आणि नाही. फार बोलणारी सून कुणाला आवडते?"

"आजीनं तुला आणलंच की."

"त्यांना ऐकायला कमी यायचं."

सकाळी टेम्पो तळ्यावर पोहोचला तेव्हा मुळशीचं तळं दिसतच नव्हतं. रात्री विरजण लावलेल्या दुधासारखं ते धुक्याखाली घट्ट लागलं होतं. जयसिंगरावांनी पाण्यात बोट बुडवून बघितलं आणि झटकन काढलं. "काश्मिरात तळी गोठतात म्हणे. हेही गोठलंय, फक्त अजून त्याला कुणी सांगितलेलं नाही."

तुळजाबाई तळ्याकडे बघत नव्हत्या. त्या आकाशाकडे बघत होत्या. आकाशच नव्हतं. पिशवीत तांब्या होता, रक्तचंदन होतं, विड्याचं पान होतं, घरच्या कुंपणावरची तांबडी जास्वंद होती. नव्हता तो सूर्य.

"या, या तुळजाबाई!" शितोळेबाई खुरपं हातात घेऊनच समोर आल्या. "थंडी बाधली नाही ना?"

तुळजाबाईंनी हात जोडले आणि हसल्या. मग आणखी हसल्या. मग यजमानांकडे बघितलं.

जयसिंगराव खरं तेच सांगणार होते. पण शितोळेबाई म्हणजे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून लिंबाची रोपं वाटणाऱ्या सुधारक बाई. व्रत म्हटलं आणि त्या हसल्या तर? जुन्या वळणाचं घर म्हणून स्थळच मोडलं तर? त्यांच्या तोंडून निघून गेलं, "हिचा घसा बसलाय."

"अरेरे! थांबा, माझ्याकडे काढा आहे."

थर्मासमधून वाफाळता काढा पेल्यात आला. आलं, गवती चहा, ज्येष्ठमध, आणखी काय काय. तुळजाबाईंनी पेला हातात घेतला. घोट घ्यायचा नाही. नको म्हणायचं तर तोंड उघडायचं नाही. "पिऊन टाका, मी रांगा वाटून येते," म्हणून बाई वळल्या. तुळजाबाईंनी इकडेतिकडे बघितलं आणि पेला मागच्या रोपाच्या आळ्यात रिकामा केला.

शितोळेबाई परत आल्या तेव्हा रोपातून वाफ येत होती.

"अगंबाई! हा वड बघा, गरम श्वास टाकतोय!" शाळेच्या चार पोरी धावत आल्या. एकीनं माती हुंगली आणि चहाचा वास आल्यासारखी हसली. तुळजाबाई घाईघाईनं तळ्यावर गेल्या, कळशीभर गार पाणी आणून त्या वडाला घातलं, आणि मनातल्या मनात त्याचे पाय धरले. (वटपौर्णिमेला ज्याच्या भोवती फिरायचं, त्याच्याच बाळाला आपण कढत काढा पाजला!)

"बघा," शितोळेबाई सगळ्यांना म्हणाल्या, "घसा धरलाय तरी या न सांगता पाणी भरायला लागल्या. आता खालच्या रांगेला पाणी कोण घालेल? कुणाची हरकत असेल तर सांगा."

तुळजाबाईंची हरकत होती. पण सांगणार कशी? खालची रांग त्यांना मिळाली. मग मधली मिळाली. मग दगड वेचायचे मिळाले.

पाणी भरताना काठावर शेरडं घेऊन बसलेली एक धनगर बाई त्यांच्याकडे टक लावून बघत होती. कोंडाबाई तिचं नाव. शाळेच्या पोरी तिला नावानंच हाक मारत होत्या. तुळजाबाईंनी बोटानं आकाशाकडे दाखवून, हात हलवून विचारलं, हा येणार कधी?

"पाऊस?" कोंडाबाई म्हणाली. "आता पुसात कुटला पाऊस, बाई?"

तुळजाबाईंनी दोन्ही हातांनी मोठा गोल केला.

"भाकरी व्हय? भूक लागलीया?" तिनं फडक्यातली भाकरी काढली. तुळजाबाईंनी जोरजोरात मान हलवली. "मंग नगं. पर तोंड असं का क्येलंया? हितं समदंच उशिरा येतं. धुकं लई आळशी हाय हितलं. सूर्व्य बी त्येच्याच सोबतीनं उठतोय."

हे ऐकून तुळजाबाईंना रडू यायचं बाकी राहिलं.

परत आल्या तर शितोळेबाई त्यांच्याच रांगेत गवत काढायला बसल्या होत्या. काही वेळ दोघींची खुरपी तेवढी चालली. समोरचा माणूस बोलत नसला की पोकळी भरून काढावीशी वाटते. तुळजाबाई आयुष्यभर तीच भरत आल्या होत्या. आज पहिल्यांदा ती दुसरं कुणी भरत होतं.

"तुम्हाला म्हणून सांगते, तुळजाबाई," शितोळेबाई गवताकडे बघत म्हणाल्या, "आमचे हे गेल्यापासून घर इतकं गप्प झालंय! मुलगा गुणाचा, पण बापाहून मुका. संध्याकाळी दोघं समोरासमोर जेवतो आणि घड्याळाचं ऐकतो. शाळेत पोरांना ओरडून गप्प बसवते आणि घरी येऊन वाटतं, एखादं पोर ओरडत का नाही. खरं सांगू? ही झाडं लावायची खटपट रविवारसाठीच. रविवारी शाळा नसते."

तुळजाबाईंना वाटलं, आपण बोलू शकत असतो, तर या वाक्याच्या मध्येच 'अहो, आमच्याकडे तर...' म्हणून घुसलो असतो, आणि बाई पुढचं बोलल्याच नसत्या. मग त्यांना सासूबाई आठवल्या. ऐकायला कमी यायचं म्हणून आपण जन्मभर त्यांच्याशी मोठ्यानं बोललो. त्यांना काही सांगायचं होतं का, हे कधी थांबून ऐकलंच नाही.

"आता पौष आहे, बोलू नये," शितोळेबाईंनी खुरपं खाली ठेवलं. "पण माणसाला आशेवर कशाला ठेवायचं? तुमची मंजुळा सोन्यासारखी आहे. सकाळपासून तिला बोलकं करायला बघतेय. हो आणि नाही, याच्या पुढे जात नाही. तुमचे यजमान घाबरल्यासारखे बोलतात. तुम्हाला घसा बरा असतानाही फार बोलायची सवय दिसत नाही. नाहीतर माणूस निदान खुणा तरी करतो. चांगलं, शांत घर आहे. पण माझ्या घरात आणखी शांतता आणून मी काय करू? मला घर भरून टाकणारी सून हवी, बाई. टेम्पोपाशी जाते आणि तुमच्या यजमानांना सांगून टाकते. रागावू नका."

तुळजाबाईंनी खुरपं टाकून दिलं.

घर भरून टाकणारी! अहो, मंजुळा झोपेतसुद्धा बोलते! आणि तिला काल रात्री बसवून मुकी केली कुणी? आम्हीच! हे सगळं घशाशी येऊन थांबलं. एक शब्द उच्चारला की स्थळ वाचलं आणि त्याच स्थळासाठी श्रावणापासून धरलेलं व्रत मोडलं. नाही उच्चारला, तर व्रत राहिलं आणि स्थळ गेलं.

शितोळेबाई उठल्या. तुळजाबाईंनी त्यांचा पदर घट्ट धरला आणि काकुळतीनं वर बोट दाखवलं. थांबा, तो येऊ दे!

बाईंनी वर बघितलं. त्यांचे डोळे भरून आले. "खरं आहे. सगळं त्या वरच्याच्या हातात. किती समजूतदार आहात हो तुम्ही!" त्यांनी हलकेच पदर सोडवून घेतला आणि चढ चढू लागल्या.

तुळजाबाई ओठ मिटून उभ्या राहिल्या. राणूबाई, मी तुला शब्द दिलाय तो गरजेच्या वेळी परत घेण्यासाठी नाही. पण तूही बघ जरा. ती एकटी बाई आहे, आणि माझी पोरगी तिच्या घरात दिवा लावील. धुकं तेवढं सरकव.

कोंडाबाईच्या शेरडांनी आधी माना वर केल्या. मग पाण्यावरचं धुकं फाटलं, आणि पलीकडच्या डोंगराच्या खांद्यावर घासलेल्या तांब्यासारखा सूर्य दिसला.

तुळजाबाई लुगडं आवरून गुडघाभर पाण्यात शिरल्या. पाय असे झाले की आपले आहेत की दुसऱ्याचे कळेना. रक्तचंदन, फूल, अर्घ्य, एक, दोन, तीन, नमस्कार. आणि दुसऱ्या क्षणी सगळ्या तळ्याला ऐकू गेलं:

"शितोळेबाई! थांबा! एक शब्द बोलू नका त्यांच्याशी!"

शितोळेबाई दचकून वळल्या. जयसिंगरावांच्या हातातलं चहाचं भांडं कलंडलं. तुळजाबाई ओल्या पायांनी चढ चढत आल्या त्या बोलतच. व्रत, मौन, यजमानांनी बसवलेला आपला घसा, काढा, वड, मंजुळाला दिलेली ताकीद, पोरगी झोपेत काय बोलते, सासूबाईंचे कान, सगळं एका श्वासात. मग मान वळवून ओरडल्या, "मंजे! बोल गं बाई, बोल! सगळं माफ आहे!"

मंजुळाला एवढंच हवं होतं. सकाळपासून साठलेलं सगळं बाहेर आलं.

शितोळेबाई हसल्या नाहीत. "माझ्या सासूबाई धरायच्या हे व्रत," त्या हळूच म्हणाल्या. "मी त्यांना फार हसले होते हो." आणि मग मात्र त्या हसू लागल्या, डोळे पुसत, त्या वडाच्या रोपाकडे बोट दाखवत.

जेवताना तुळजाबाई बोलत होत्या. दुपारी गवत काढताना बोलत होत्या. टेम्पोत शितोळेबाईंच्या एका बाजूला मंजुळा होती, दुसऱ्या बाजूला तुळजाबाई. आणि वाटेत कुठल्याच वळणावर दोघी एकाच वेळी गप्प झाल्या नाहीत. पौडला उतरेपर्यंत शितोळेबाईंचा पदर कानावर आला होता. थंडीमुळे असेल.

उतरल्यावर त्या जयसिंगरावांना बाजूला घेऊन म्हणाल्या, "पौष आहे, पण मी मानत नाही. मुलगी पसंत आहे. माझं घर अगदी भरून जाईल. फक्त मुहूर्ताची माझी एक अट आहे."

"बोला ना!"

"माघात, रथसप्तमीच्या आतला रविवार धरा," त्यांनी तुळजाबाईंकडे चोरून बघितलं, "आणि लग्न सूर्य उगवायच्या आधी लावा."

जयसिंगरावांनी आयुष्यात इतक्या तत्परतेनं कशाला होकार दिला नव्हता.