नोंद क्रमांक एक्कावन्न

रोक्कासोर्दा या गावात चौक एकच आहे, चौकात बाक एकच आहे आणि बाकावर चार म्हातारे आहेत. त्यात सांगण्यासारखं काही नाही असं वाटेल. दक्षिणेकडच्या डोंगरमाथ्यावरच्या कुठल्याही गावात चौक, बाक आणि म्हातारे एवढा ऐवज निघतोच. पण रोक्कासोर्दाचे म्हातारे सरकारी दप्तरात नोंदलेले आहेत, आणि ते रीतसर, सही-शिक्क्यानिशी.

हे घडलं ते 'ऐतिहासिक ग्राम' या किताबासाठी. किताबाला तीनशे गुण लागत. नगरपालिकेचा मोजणीदार सावेरिओ हातात तक्ते घेऊन आठवडाभर गाव पालथं घालत होता. कमान, तटबंदी, एक बंद पडलेली तेलघाणी, दोन कबुतरखाने, सगळं धरून बेरीज दोनशे शहाण्णववर येऊन थांबली. चौकातलं ठिबकणारं कारंजं सत्तेचाळिसावं होतं, दगडी बाक अठ्ठेचाळिसावं. आता नोंदायला उरलं काय? सावेरिओने हताश होऊन मान वर केली, तर बाकावर चार म्हातारे बसले होते. काल होते, परवा होते, तो शाळेत जायचा तेव्हाही बहुधा हेच होते.

त्याने लिहिलं: नोंद क्रमांक एकोणपन्नास ते बावन्न, 'वृद्ध, बसलेले, नग चार'. तक्त्यात पुढे रकाने होते, तेही त्याने इमानेइतबारे भरले. वय: ७६ ते ८३ वर्षे. स्थिती: झिजलेली, परंतु मूळ. जागेवरून हलवता येण्याजोगे? नाही. रात्रीची व्यवस्था: घरात, सुरक्षित.

चार गुण मिळाले, तीनशे भरले, किताब आला. त्याबरोबर खालच्या शहराची रोजची बस आली. ती आठ वर्षांपूर्वी बंद झाली होती आणि तिच्यापायी निम्मं गाव खाली उतरून गेलं होतं. चौकात बँड वाजला. चार म्हाताऱ्यांच्या मागे भिंतीवर पितळी पाट्या बसल्या. कानिओ तेलेस्काच्या वाट्याला एक्कावन्न आला. त्याने आपला आकडा बाहीने पुसून चकचकीत केला आणि शेजारच्या प्रोस्पेरोला म्हणाला, "तुझ्यापेक्षा माझा वरचा आहे."

"आकडा वरचा म्हणजे तू नंतर सापडलास," प्रोस्पेरो म्हणाला. "मी पन्नास. आधी नजरेत भरलो."

दोघांची ही बाचाबाची तीन आठवडे पुरली. मग प्रोस्पेरोने जत्रेतून लाल टोपी आणली आणि चौथ्या दिवशी त्याला नोटीस आली: दर्शनी भागाच्या रंगात विनापरवाना बदल. कानिओ पोट धरून हसला. त्याला वाटलं, हे सगळं प्रोस्पेरोपुरतं आहे.

कानिओने एकतीस वर्षं गावाची बस चालवली होती. तेवीस वळणं वर, तेवीस वळणं खाली, आणि प्रत्येक वळणाला क्लच. डावा गुडघा त्या क्लचने खाऊन टाकला होता. बाकावर बसायचं म्हणजे कानिओ वरून स्वतःला सोडून द्यायचा. उठायचं म्हणजे कोणी तरी हात द्यावा लागे. दुपारी एक वाजता सावेरिओ कचेरी बंद करून येई आणि "चला कानिओकाका, जेवायची सुट्टी" म्हणत त्याला एका झटक्यात उभा करी. सावेरिओचा हात दणकट होता. रविवारी तो चर्चमध्ये बाजाही वाजवायचा.

चौदा महिने वाट पाहिल्यावर इस्पितळाचं पत्र आलं: चौदा सप्टेंबर, नवा गुडघा. ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी त्याच्या नातीचं, दोनातेल्लाचं लग्न होतं. दोनातेल्लाचा बाप, म्हणजे कानिओचा मुलगा, ती सहा वर्षांची असताना गेला. त्याच दिवशी कानिओने तिला शब्द दिला होता की वेदीपर्यंत तुला मी नेईन. वेदी होती वरच्या चर्चमध्ये. चौकातून वर एक्केचाळीस पायऱ्या. नव्या गुडघ्याचं त्याला काही अप्रूप नव्हतं, त्याला फक्त या एक्केचाळीस पायऱ्या हव्या होत्या.

पत्र घेऊन तो सावेरिओकडे गेला. सावेरिओने ते दोनदा वाचलं आणि त्याचा चेहरा पडला.

"काका, तुम्ही चार दिवस जाणार?"

"पाच. डॉक्टर म्हणतो पाच."

"म्हणजे नोंद क्रमांक एक्कावन्न पाच दिवस जागेवर नाही. दोनशे नव्व्याण्णव गुण. किताब गेला, बस गेली."

"अरे, मी माणूस आहे!"

"ते मला ठाऊक आहे हो. पण तक्त्यात तसा रकाना नव्हता."

बस गेली म्हटल्यावर कानिओने पत्र टेबलावर ठेवलं. दुसऱ्या कोणाचं काहीही जावो, बस जाऊन चालणार नव्हतं. सावेरिओने कपाटातून अर्ज काढला: 'वारसावस्तू दुरुस्तीसाठी तात्पुरती हलवणे'. तीन प्रती. सोबत वस्तूची समोरून, मागून आणि दोन्ही बाजूंनी छायाचित्रं.

वारसा कचेरीतून पाहणीला लावीनियाबाई आल्या. सगळे त्यांना डॉक्टर म्हणत, पण त्या दगडांच्या डॉक्टर होत्या. त्यांनी कानिओच्या गुडघ्यावर छोट्या हातोडीने हलकेच टकटक केली आणि कान देऊन ऐकलं.

"नवीन भाग कशाचा बसवणार?"

"टायटॅनियमचा, बाई."

"मूळ बांधकामात टायटॅनियम होतं?"

"मूळ बांधकाम माझ्या आईचं आहे, बाई. तिच्याकडे तसलं काही नव्हतं."

"मग अवघड आहे. नियम पहिला: साहित्य त्याच परिसरातलं हवं. इथला चुनखडीचा दगड चालेल. चेस्टनटचं लाकूड चालेल."

"दगडाचा गुडघा घेऊन मी चालू कसा?"

"तुम्ही 'बसलेले' या प्रकारात येता," लावीनियाबाई समजुतीने म्हणाल्या. "चालणं तुमच्या नोंदीत नाही. नियम दुसरा: नवीन भाग जुन्यापासून वेगळा ओळखू आला पाहिजे. पाहणाऱ्याची फसवणूक नको."

"बाई, तो विजारीच्या आत असणार."

"विजारीला खिडकी ठेवता येईल. नियम तिसरा: दुरुस्ती उलट करता आली पाहिजे. उद्या तज्ज्ञांचं मत बदललं तर जुना गुडघा परत बसवता येईल ना?"

"जुना ते टाकून देतात म्हणे."

लावीनियाबाईंच्या हातातली हातोडी खाली पडली. "टाकून देतात?" एवढ्या वर्षांत आपल्या गुडघ्यासाठी कोणाचा तरी जीव कासावीस झालेला कानिओ प्रथमच पाहत होता. त्यालाच उलट बाईंची दया आली.

शेवटी बाईंनी एक तोड सुचवली. मोठमोठे पुतळे दुरुस्तीला जातात तेव्हा त्यांच्या जागी हुबेहूब प्रतिकृती ठेवतात. कानिओची प्रतिकृती मिळाली तर विचार करता येईल.

प्रतिकृती होती. कानिओचा धाकटा भाऊ जेरार्दो, तेच नाक, तेच कान, तीच आखूड मान. चाळीस वर्षं जर्मनीत मोटारींच्या कारखान्यात काढून तो नुकताच परतला होता. लावीनियाबाईंनी त्याला अंतरावरून पाहिलं आणि कबूल केलं की दिसायला हरकत नाही. तीन तास बसण्याची चाचणी ठरली.

जेरार्दो बसला. दोन मिनिटांनी त्याने घड्याळ पाहिलं. पाचव्या मिनिटाला त्याने प्रोस्पेरोला विचारलं, "आता काय करायचं?"

"हेच," प्रोस्पेरो म्हणाला.

"हे झालं की?"

"झालं की पुन्हा हेच. तुझ्या जर्मनीत काय शिकवलं रे तुला?"

अकराव्या मिनिटाला जेरार्दो उठला आणि खिशातून पाना काढून त्याने कारंजं दुरुस्त केलं. साठ वर्षं ठिबकणारं कारंजं ठिबकायचं थांबलं. नोंद क्रमांक सत्तेचाळीस, 'कारंजे, ठिबकणारे'. चौकात एकच हाहाकार उडाला. सावेरिओ धावत आला आणि त्याने पाना हिसकावून घेऊन कारंजं पुन्हा बिघडवलं, पण थेंब पूर्वीच्या तालात पडेना. लावीनियाबाईंनी कागदावर फक्त एक शब्द लिहिला: 'अस्सल नाही'. जेरार्दो पुढच्याच गाडीने जर्मनीला परत गेला.

यापुढचं काम पत्रव्यवहाराने झालं. कानिओची जागा छापील कापडाने झाकावी असं ठरलं. देवळांवर, राजवाड्यांवर दुरुस्तीच्या वेळी टाकतात तसं कापड, त्यावर खऱ्या आकाराचा कानिओ. कापडाला निविदा निघाली, निविदेला हरकत आली, हरकतीवर सुनावणी झाली. चौदा सप्टेंबर आला आणि गेला. तेवीस सप्टेंबरला परवानगी आली: 'नोंद क्रमांक एक्कावन्न दिनांक चौदा सप्टेंबर रोजी हलवण्यास कोणतीही हरकत नाही.' इस्पितळाने पुढची तारीख दिली ती आणखी चौदा महिन्यांनंतरची.

"आता नुसता जुन्या गुडघ्यावरच जातो," कानिओ म्हणाला. "लग्नापुरती एका तासाची सुट्टी माग."

सावेरिओने मागितली. उत्तर या वेळी तत्परतेने आलं. लग्न अकराला, पर्यटकांची गाडीही अकराला. ऐन दर्शनाच्या वेळी नग कमी दिसणं किताबाला शोभणारं नाही. अर्ज नामंजूर.

कानिओने पत्राची घडी घातली आणि खिशात ठेवली. मग इकडे तिकडे पाहत त्याने बाकावर बसल्या बसल्या कट केला. सावेरिओला ताकास तूर लागू द्यायची नाही, कारण त्याला कळलं तर बिचाऱ्याला ते लिहून ठेवावं लागेल. अकराची घंटा झाली की तिघांनी मिळून चौथ्याला उभं करायचं. सावेरिओ तेव्हा वर बाजा वाजवत असेल, सगळं गाव आत असेल. पर्यटकांना चारातला एक कमी झालेला काय कळणार? नातीने पायऱ्यांखाली उभं राहायचं, बाकी आजोबा पाहून घेतील. जेवणाच्या सुट्टीत कानिओ पायऱ्यांचा सराव करू लागला. एकोणीसपर्यंत पोचला. वरच्या बावीस त्याने देवावर सोडल्या.

"पडलास तर?" प्रोस्पेरोने विचारलं.

"पडलो तर तुझ्या अंगावर पडेन. तू मागून ये."

लग्नाच्या दिवशी कानिओने मुलाचा कोट घातला, जाकिटाला पांढरं फूल लावलं आणि दहा वाजता नेहमीच्या जागी जाऊन बसला. अकराला दोनातेल्ला आली आणि चौकाच्या पलीकडच्या टोकाला, पायऱ्यांखाली उभी राहिली. तिने आजोबांकडे पाहून मान हलवली. कानिओनेही हलवली. घंटा सुरू झाली.

त्याच वेळी पर्यटकांची गाडी रिकामी झाली. पस्तीस माणसं, पस्तीस टोप्या आणि ऊन होतं म्हणून तेवढ्याच छत्र्या. सगळे बाकासमोर अर्धवर्तुळ करून उभे राहिले. छत्र्यांच्या पलीकडे नवरी दिसेनाशी झाली.

"ओढा!" कानिओ पुटपुटला.

तिघांनी ओढला. तिघांची मिळून दोनशे एक्केचाळीस वर्षं होती, पण जोर एका माणसाचाही भरला नाही. कानिओ वीतभर उठला आणि परत बसला. दुसऱ्या खेपेला प्रोस्पेरोच्या कंबरेत कट्कन आवाज झाला. समोरच्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग कानिओने उजवा हात पुढे केला, समोरच्या पस्तीस जणांपुढे. पहिल्या रांगेत एक तगडा तरुण होता, त्याच्याकडे पाहून तो म्हणाला, "बाबा रे, जरा हात दे. एकदा उभा कर, बस्स."

गाडीबरोबर आलेल्या मार्गदर्शकाने सर्वांना सांगितलं, "गावातले वडीलधारे पाहुण्यांचं असं स्वागत करतात. आपणही हात हलवू या." भराभर हात हलले. ज्यांचे हात छत्रीत आणि फोनमध्ये गुंतले होते ते नुसते हसले. बाकासमोर बांधलेल्या दोरीवरच्या पाटीवर 'कृपया स्पर्श करू नये' असं चार भाषांत लिहिलं होतं आणि माणसं सुशिक्षित होती.

दुसरी घंटा झाली. दोनातेल्ला अजून दहा मिनिटं थांबली. पुढे जाऊन बघावं तर लांब झगा आणि मधे ती गर्दी. आजोबांना शेवटी मनाई मोडवली नाही असं ती समजली आणि एक्केचाळीस पायऱ्या एकटी चढली. पायऱ्या मोजणारा कानिओ होता. झग्याचं टोक छत्र्यांच्या वर दिसायला लागलं ते विसाव्या पायरीपासून, तिथून पुढे त्याने एकेक मोजली.

लग्न लागल्यावर ती पहिली खाली आली ती आजोबांकडे. दोरी ओलांडून शेजारी बसली आणि फुलांचा गुच्छ तिने त्याच्या मांडीवर आदळला.

"शब्द दिला होतात ना?"

"एक हात कमी पडला गं," कानिओ म्हणाला, आणि मग मात्र त्याला रडू आवरेना. हा प्रकार नोंदीत बसत नसल्याने सावेरिओने तो लिहिला नाही.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण त्या पस्तीस जणांचे फोटो जगभर गेले, लोकांना फार आवडले, आणि वारसा कचेरीने स्वतःहून गावाला एक गुण वाढवून दिला. नोंद क्रमांक त्रेपन्न: 'पारंपरिक अभिवादन, एकहाती'. आता रोज सकाळी अकराला कानिओ उजवा हात पुढे करतो. ते तो मन लावून करतो, कारण रोज समोर नवी माणसं असतात आणि त्यांतल्या एखाद्याला कळेल अशी आशा त्याला अजून आहे.

तुम्हीही गेल्या वर्षी त्या गाडीने येऊन गेलात. फोटो तुमच्या फोनमध्ये असेल, त्याखाली तुम्ही लिहिलं होतं, 'आयुष्य असावं तर असं निवांत.' जरा मोठा करून बघा. हात हलवणाऱ्याचा तळवा आपल्या दिशेने असतो. त्याचा आभाळाकडे आहे.