पांढऱ्याला हात लावायचा नाही

अंबादास अण्णांनी मला वाचवलं, हे आधी सांगून टाकतो. काय झालं ते नंतर. नाहीतर पुढचं वाचून कुणी त्यांना चक्रम म्हणेल. चक्रम ते आहेतच. पण उपकार आधी, चक्रमपणा मागून.

अण्णा चहा पिण्याआधी त्याचा नंबर काढतात. सात रस्ता चौकाजवळ तिसऱ्या मजल्यावर आमचं वेबसाइट बनवायचं ऑफिस आहे. तिथल्या कॉम्प्युटरवर रंग उचलायचं एक साधन असतं, त्याला आम्ही ड्रॉपर म्हणतो. फोटोतल्या कुठल्याही ठिपक्यावर तो टेकवला की त्या रंगाचा सहा अक्षरांचा नंबर येतो. गिऱ्हाइकाच्या पाटीवरचा रंग उचलून त्याच्या वेबसाइटला द्यायचा, एवढ्यासाठी तो. अण्णा मात्र चहाचा फोटो काढणार, ड्रॉपर टेकवणार आणि चहावाल्याला सांगणार की आज दूध जास्त पडलंय. तो बिचारा म्हणायचा, अण्णा, प्या की, गार होतंय. अण्णांचं उत्तर ठरलेलं. "जीभ खोटं बोलती. डोळा तर त्याहून. नंबर काढायचा."

शेंगाचटणीचाही नंबर त्यांच्याकडे आहे. मालकांच्या मिशीला लावलेल्या कलपाचा तर त्यांनी मालकांसमोरच वाचून दाखवला होता.

एका बाबतीत मात्र ते भांडायचे, आणि त्या भांडणात गंमत नसायची. आमची बरीच गिऱ्हाइकं टॉवेल-चादरीवाली. ट्यूबलाइटखाली पांढऱ्या टॉवेलचा फोटो काढला की तो पिवळट येतो. मग सगळे काय करतात, तर ड्रॉपर टेकवून कॉम्प्युटरला सांगतात, हे पांढरं समज. एका क्षणात टॉवेल शुभ्र. अण्णा ते करू द्यायचे नाहीत. "पांढऱ्याला हात लावायचा न्हाय. खिडकीपाशी नीऊन परत काढ." एकदा एका कारखान्याचे ऐंशी टॉवेल त्यांनी पुन्हा खिडकीपाशी मांडायला लावले. आमचे मालक डोक्याला हात लावून बसले.

आणि दर सोमवारी आमचे फोटो. खिडकीत एकेकाला उभं करायचं, हनुवटीखाली कोरा कागद धरायला द्यायचा, आणि वर बघ म्हणायचं. मग स्वतःच्या कॉम्प्युटरवर जाऊन प्रत्येकाच्या बुबुळाशेजारच्या पांढऱ्यावर ड्रॉपर टेकवायचा. विचारलं तर, ओळखपत्राला लागतात, म्हणायचे. ओळखपत्र कुणालाच मिळालं नाही. फोन घेणारी शबाना म्हणायची, "क्या अण्णा, हर सोमवार कू कैदी बनातेय हमना." पण उभी राहायची.

मी गडचिरोलीकडचा. नववीत शाळा सुटली. गावातल्या एकाबरोबर इथे टॉवेलच्या कारखान्यात गठ्ठे उचलायला आलो होतो. मोबाइल बरा चालवतो म्हणून मालकांनी तीन महिन्यांच्या बोलीवर ऑफिसात घेतलं. फोटो चढवायचं काम. मला रात्रंदिवस एकच धास्ती, की हे एक दिवस विचारतील, तुझं शिक्षण किती? म्हणून मी एकही सुट्टी घ्यायचो नाही, कुणाला नाही म्हणायचो नाही.

दुसऱ्या महिन्यात माझी भूक मेली. जिना चढताना मधेच बसावं लागायचं. वास आला की मळमळायचं. खोलीवर आम्ही पाचजण, सगळे वेगवेगळ्या पाळीचे. एकमेकांचं तोंड बघायचीही सवड नसायची. घरी फोनवर सांगायचो, मस्त चाललंय.

त्या सोमवारी अण्णा माझ्या फोटोवर बराच वेळ थांबले. मग मागच्या दोन सोमवारचे फोटो उघडले. तिन्ही शेजारी लावले. मग उठून माझ्याजवळ आले आणि सगळ्यांदेखत विचारलं, लघवी कशी होती? शबाना फोन धरून हसायला लागली. मी म्हटलं, मले काही नाही झालं अण्णा. मनात एवढंच होतं, की आता मालक मला काढणार.

"चल," अण्णा म्हणाले. "मालकाला मी बोलतो. तू उठ."

स्कूटरवर मला मागे बसवून त्यांनी दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं. कावीळ होती, आणि यकृत बरंच सुजलं होतं. डॉक्टर म्हणाले, आणखी काही दिवस असंच अंगावर काढलं असतंस तर अवघड होतं. मग अण्णांनी माझ्या डोळ्यांचे नंबर लिहून आणलेला कागद बघून हसले. म्हणाले, अहो, याला नंबर कशाला, उजेडात बघितलं तर कुणालाही दिसेल. अण्णा म्हणाले, "बघायला कोण तरी पाहिजे की."

अकरा दिवस मी तिथे होतो. अण्णा रोज ऑफिस सुटलं की डब्यात मऊ भात घेऊन यायचे आणि पलंगाशेजारच्या स्टुलावर बसायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी सिस्टरशी वाद घालून माझा पलंग खिडकीकडे सरकवून घेतला. पाचव्या दिवशी मी विचारलं, अण्णा, तुमाले कसं कळलं?

ते डब्याचं झाकण लावत राहिले. मग खाली बघूनच बोलले.

"माझी बहीण होती. पद्मा. धाकटी. लग्न जमवायच्या वेबसाइटवर फोटो टाकायचा होता. मीच काढला, घरात, ट्यूबलाइटखाली. डोळे पिवळे आले. मी म्हटलं, लाइटीची चूक. ड्रॉपर टेकवला तिच्या डोळ्याला, पांढरं करून टाकलं. दोन मिनिटांचं काम. लई छान दिसत होती. भिवंडीवरनं स्थळ आलं, सुरतेवरनं आलं."

अण्णांनी झाकण पुन्हा एकदा दाबून बघितलं.

"ती म्हणायची, अण्णा, थकल्यासारखं होतंय. मी म्हटलं, लग्नाचं टेन्शन. दवाखान्यात नेलं तवा उशीर झालता. ती गेल्यावर मूळचा फोटो उघडला. तिच्या मागं भिंतीवर कॅलेंडर होतं. त्याचा कागद पांढराच होता. लाइट बरोबर होती."

मग ते उठले, डबा पिशवीत घातला आणि उद्या भाताबरोबर ताक आणू का, विचारलं.

मालकांनी मला काढलं नाही. अण्णांनी त्यांना काय सांगितलं ते मला अजून माहीत नाही, आणि मालकांना विचारायची माझी छाती नाही. सोमवारी आता मी सगळ्यांत आधी खिडकीत उभा राहतो. शबानाही कैदी म्हणायची थांबली आहे. तिला मीच सांगितलं. अण्णांना ते आवडलं नसेल.

पद्मा गेल्यावर अण्णांच्या घरी दुसरं कुणी नाही. ते आजारी पडले तर डबा कोण आणेल, हे मी त्यांना विचारलेलं नाही, पण माझ्या मनात ते नेहमी असतं. तशी वेळ येऊ नये. आली, तर मी कुठेही कामाला असलो, गडचिरोलीला परत गेलेलो असलो, तरी येईन आणि ते दवाखान्यातून घरी जाईपर्यंत हलणार नाही. मऊ भात मला करता येत नाही. तो मी शिकून ठेवतो.