चाकजोड्यांच्या रिंगणाची व त्याच्या कलमांची हकीकत

प्रथम गणरायास वंदन, मग वाग्देवीस वंदन, आणि तिसरे वंदन धरणीमातेस, कारण पुढील हकीकतीत बहुतेक मंडळींची तिच्याशी गाठ वारंवार आणि पालथ्या अंगाने पडली आहे. शके सोळाशे बावन्न, साधारणनाम संवत्सरे, आश्विन मासी एके राज्यी (त्याचे नाव सांगत नाही, सांगितल्यास तेथील लोक कोणत्या कलमाने सांगितले ते पुसतात) राणीसरकारांचे चित्तात आले की, राज्यातील पुरुष बसून बसून सुस्तावले, आता शौर्य पाहावयाचे तर बायकांचे पाहावे. मग किल्ल्याखाली लांबट गोल ऐसे फरसबंद रिंगण बांधविले, आणि सुतारलोहारांकडून जोड्यांखाली चार चार चाके बसवविली, आणि उगवतीचे एक व मावळतीचे एक ऐसी दोन पथके उभी केली. दर डावास पथकाच्या पाच बायका रिंगणात उतरत. पैकी चौघी अडवण्या, आणि पाचवीच्या पागोट्यास रुप्याची चांदणी, ती चांदणीवाली. चांदणीवालीने गर्दीतून वाट काढीत रिंगणास फेरे घालावे, शत्रूपक्षाची जी जी अडवणी मागे पडेल तिजबद्दल आपल्या पथकाच्या टोपलीत एक एक झेंडूचे फूल पडावे, आणि सूर्य बुरुजास टेकताच ज्यांची टोपली अधिक भरलेली ते पथक विजयी, ऐसा साधा सरळ खेळ होता. साधा होता तो पहिल्या दिवशी दोन प्रहरपर्यंत.

खेळ म्हटला की कायदा आला, म्हणून धोंडो माणकेश्वर यांस कायदेनविसीची वस्त्रे जाहली. धोंडोपंत गृहस्थ नेमस्त, अक्षर मोत्यासारखे, पण जन्मात कधी धावले म्हणून नव्हते. त्यांनी एका कागदावर सात कलमे लिहिली, आणि घरी येऊन कुटुंबास, म्हणजे भामाबाईस, वाचून दाखविली, आणि म्हणाले की यात मुंगीस शिरावयास भोक नाही. दुसरेच दिवशी उगवतीच्या पथकाची चांदणीवाली हौसाबाई लोहारीण त्यातून चार चाकांनिशी आरपार गेली. कलम ऐसे होते की शत्रूस हाताने, कोपराने वा डोक्याने ढकलू नये. हौसाबाईने कंबर वळविली आणि मावळतीची एक अडवणी उचलून प्रेक्षकांत सासूंच्या रांगेवर बसविली. धोंडोपंत हा हा करीत उठले, तो ही बाई कमरेवर हात देऊन उभी, घामाचा थेंब नाही, आणि बोलिली, "पंत, कलम दाखवा." पंतांनी कागद उलटा पाहिला, सुलटा पाहिला, कंबर कोठे नव्हती. तेव्हा आठवे कलम लिहिले, आणि लिहिताना त्यांचे हातून जी चूक जाहली तिजपासून पुढील सर्व रामायण. त्यांस वाटले की मोडणारीस लाज वाटावी, म्हणून कलमाच्या माथ्यावर तिचेच नाव घालावे, पिढ्यानपिढ्या लोकांनी वाचून छी थू करावी. म्हणून लिहिले, 'हौसाबाईचे कलम.'

लाज वाटावयाची ती हौसाबाईने लोहारआळीत पेढे वाटले. तिच्या बापाने कलमाची नक्कल करून दारावर लाविली. मग तमाम खेळाडणींत एकच चढाओढ लागली की फुले राहोत, आपले एक कलम होईल तर जन्म सार्थकी. सोयरीक जुळविताना मुलीचे नाव कलमांत आहे काय म्हणून वरपक्ष पुसू लागला, आणि नसलेल्या मुली आईबापांस ओझ्याच्या वाटू लागल्या. अशा दारुण प्रसंगी कायदा टिकावा कैसा? पडलेल्या बाईस धक्का मारू नये ऐसे कलम होते, तर मावळतीच्या अडवण्या धक्का येताना दिसला की आपणहून पसरू लागल्या, आणि मागून येणाऱ्या त्यांजवर धडपडू लागल्या. मुद्दाम पडू नये ऐसे लिहिले, तर पडून रडू लागल्या की आम्ही का मुद्दाम पडतो, चक्कर आली. रडणे पुरावा नव्हे ऐसे लिहिले. मग रिंगणाबाहेर ढकलली गेलेलीने जिने ढकलले तिच्या पाठीमागूनच आत यावे, ऐसे मोठ्या विचारांती लिहिले, तर हौसाबाई ढकलून झाले की स्वतः उलटी चालत मागे मागे जाऊ लागली, आणि ढकललेली बिचारी बाहेरून तिच्या मागे जाण्यासाठी आणिक मागे, ही आणिक मागे, ऐसे करीत एक अख्खी लढाई उलटी वाहिली, आणि प्रेक्षक माना वळवून वळवून हैराण जाहले. दर खेपेस पंतांनी हाक मारावी, दर खेपेस हौसाबाईने "कलम दाखवा" म्हणावे, आणि दर खेपेस घरी जाऊन पंतांनी लेखणी तासावी. चार वर्षांत कलमे तीनशे अकरा जाहली, पैकी एकेचाळीस एकट्या हौसाबाईची, आणि सात कलमांचा जो कागद पंत पागोट्यात खोवून नेत, त्याचे दप्तर होऊन ते वाहावयास सरकारातून एक रेडा लावून द्यावा लागला.

आता आतली गोष्ट सांगतो. एके दिवशी पंत दप्तर उन्हात वाळवीत होते आणि भामाबाई कडेला बसून गहू निवडीत होत्या. त्या सहज एकेक माथा वाचू लागल्या, हे हौसाबाईचे, हे मावळतीच्या कोणा सुनेचे, हे त्या पडून रडणारीचे, आणि शेवटी मान वर करून म्हणाल्या, "अहो, डोळे गेले तुमचे हे लिहिता लिहिता. यात तुमचं नाव कुठं आहे?" पंत म्हणाले की लिहिणाराचे नाव घालण्याचा रिवाज नाही, मोडणाराचे घालतात. बाई हं म्हणाल्या आणि सूप पाखडू लागल्या. पंतांस त्या हुंकाराने जे लागले ते जन्मात कशाने लागले नव्हते. आपण इतका कायदा केला आणि त्यात आपण कोठेच नाही, याचे त्यांस खरोखर दुःख जाहले, आणि त्या दिवशी ते नीट जेवले नाहीत.

मग शके सोळाशे छपन्न आले. संवत्सराचे नाव आनंद, पण आनंद पंचांगापुरता. जुने पहिल्या कागदावरचे एक कलम होते की अडवण्या हलल्या म्हणजे चांदणीवाल्यांनी सुटावे. त्याकडे चार वर्षांत कोणाचे लक्ष गेले नव्हते, हौसाबाईचे गेले. दसऱ्याच्या मोठ्या लढाईत उगवतीचे एक फूल अधिक होताच तिने आपल्या अडवण्यांस सांगितले की आता हलू नका. त्या हलेनात. मावळतीच्या मनात आले की आपण हललो तर ही बया आधी सुटेल, म्हणून त्याही हलेनात. रणशिंग वाजले, नगारा वाजला, आठ बायका उभ्या त्या उभ्या. कोणी वेणी घातली, कोणी शत्रूपक्षाकडे बाळंतपणाची चौकशी केली, एकीस तर उभ्याने डुलकी लागली, आणि दहा हजार प्रेक्षकांसमक्ष सूर्य बुरुजास टेकला. राणीसरकारांची मर्जी तत्काळ बिघडली. त्यांनी पंतांस हुजूर बोलाविले आणि म्हणाल्या, "पंत, आम्ही बायका पाहायला आलो होतो, झाडं नव्हे. पुढच्या दसऱ्याला एक डाव जरी असा उभा राहिलेला दिसला, तर तिथल्या तिथं फरशी उखडायला लावीन. गुरांचा कोंडवाडा करीन तिथं. कारकून तुम्हीच." पंत मुजरा करून बाहेर आले ते घाम पुशीत. मोकाट गुरे कायदा वाचीत नाहीत हे त्यांस ठाऊक होते.

घरी जाऊन त्यांनी बारा कलमे लिहिली आणि बाराही फाडली. शेवटी लाज गुंडाळून लोहारआळीत गेले, आणि हौसाबाई भात्यापाशी बसली होती तिजला म्हणाले की बाई, तुला आवरावे कैसे ते तूच सांग. हौसाबाईने त्यांजकडे वरपासून खालपर्यंत पाहिले आणि म्हणाली, "पंत, तुम्ही कायदा बसून लिवता. आमाला भोक दिसतं ते पळताना. एकदा चाकं चढवा पायात, मग कळंल." आणि बापाकडून एक जुना जोड काढून त्यांच्या पुढ्यात टाकिला. पंतांनी दुसऱ्या दिवसापासून सकाळी स्नानसंध्या आटोपून रिंगणावर जाण्याचा क्रम धरिला. पहिला महिना केवळ पडण्यात गेला. दुसऱ्यात पुढे जाऊ लागले, तिसऱ्यात वळू लागले, थांबणे मात्र अखेरपर्यंत जमले नाही, भिंत येईतो जावे ऐसा त्यांचा शिरस्ता पडला. पण एके सकाळी ऐसेच भिंतीकडे जात असता त्यांस उमगले की अडवण्या हलोत वा न हलोत, चांदणीवाल्यांस सोडले म्हणजे झाले, उभ्या राहणाऱ्या आपसूक मागे पडतील. मग एकच कलम लिहिले, 'रणशिंग वाजताच चांदणीवाल्यांनी सुटावे.' इतकेच. वाचून पाहिले, हलवून पाहिले, भोक दिसेना, आणि पंतांस चार वर्षांनी झोप लागली.

दुसरे वर्षी राक्षसनाम संवत्सरे दसऱ्याची लढाई आरंभली. राणीसरकारांच्या मागे पहारी घेऊन वीस बेलदार उभे होते, हे सर्वांनी पाहिले. हौसाबाईनेही पाहिले, पण ती म्हणे की सरकार दर साली काही ना काही बंद करण्याचे बोलतात. लढाई मात्र ऐसी जाहली की वृद्धांनी काठ्या टाकून टाळ्या पिटल्या. शिंग वाजावे आणि दोन्ही चांदण्या सुटाव्यात, अडवण्यांच्या भिंती उठाव्यात आणि फुटाव्यात, फुले कधी या टोपलीत जास्त कधी त्या. पंत रिंगणाच्या कडेस दप्तराच्या रेड्याचे शिंग धरून उभे होते. सकाळच्या सवयीने पायात चाकजोडे तसेच राहिले होते, आणि हाताने धरिले नाही तर स्वारी घरंगळे. सूर्य बुरुजास वीतभर राहिला, शेवटचा डाव राहिला, उगवतीची तीन फुले अधिक होती. आठही अडवण्या जागेवर, दोन्ही चांदण्या जागेवर. आणि शिंग वाजेना.

लोक रिंगणाच्या पैलकडे पाहू लागले. तेथे राघू गुरव शिंगवाला गाल फुगवून उभा, डोळे बाहेर आलेले, आणि ओठांतून सातूचे पीठ उडत होते. हौसाबाईने डावाआधी देवीचा प्रसाद म्हणून मूठभर कोरडे पीठ त्याच्या तोंडात घातले होते. त्यास खाण्याचा शौक, त्याने घेतले, आता धड गिळवेना आणि थुंकावे तर प्रसाद. शिंग नाही म्हणून सुटणे नाही, सूर्य खाली उतरतो आहे, दहाही जणी उभ्या. हौसाबाई पंतांकडे पाहून हसली, आपल्या नावाचे आणिक एक कलम तिच्या डोळ्यांपुढे नाचत होते. तोच राणीसरकार उठल्या, आणि बेलदारांनी पहारी खांद्यावरून उतरविल्या.

पंतांनी ते पाहिले. कोंडवाडा दिसला, सात कलमांचा पहिला कागद दिसला, भामाबाईंचे सूप दिसले. आणि त्याच क्षणी, जन्मात प्रथमच, त्यांस स्वतःच्या कलमातले भोक दिसले. शिंग वाजताच, ऐसे लिहिले होते. कोणी वाजवावे ते लिहिले नव्हते. मग त्यांनी रेडा सोडिला.

आता पंतांस जाणे येत होते आणि थांबणे येत नव्हते, हे वर सांगितलेच आहे. ते धोतराचा सोगा दाती धरून रिंगण चिरीत निघाले, आणि आठही अडवण्या झाडांसारख्या उभ्या असल्याकारणे आठींच्या मधून आरपार गेले. टोपलीवाल्यांनी सवयीने आठ फुले उचलली, मग कोणाच्या टोपलीत घालावी ते न कळून हातातच धरिली. पुढे राघू गुरव आला. त्याजवर पंत आदळले, पिठाचा ढग उठला, शिंग पंतांच्या हाती आले, आणि त्यांनी बसल्या जागी डोळे मिटून असे फुंकिले की बेलदारांच्या हातून पहारी पडल्या. मावळतीची चांदणीवाली तत्काळ सुटली. हौसाबाई वळून पंतांकडे पाहत राहिली तेवढ्यात मावळतीने चार फुले काढिली आणि सूर्य टेकला. एका फुलाने लढाई मावळतीने जिंकिली.

हौसाबाई तरातरा आली, इतर खेळाडणी मागोमाग, आणि तिने विचारले की शिंग फुंकणारे तुम्ही कोण, कायदेनविसाने डावात हात घालावा हा कुठला न्याय. पंत फरशीवर बसलेले, पागोटे एकीकडे, मिशा पिठाने पांढऱ्या. त्यांनी मान वर केली आणि शांतपणे म्हणाले, "हौसाबाई, कलम दाखवा."

रेडा आणविला. तीनशे बारा कलमे धुंडाळली. नव्हते. हौसाबाईस हसू फुटले, आणि तिने पंतांच्या कानावरची लेखणी काढून घेतली. लिहिणे तिला जेमतेम येई, तरी एकेक अक्षर घडवीत तिने नवे कलम लिहिले की शिंग शिंगवाल्यानेच वाजवावे आणि त्याचे तोंड डावाआधी तपासावे. मग रिवाजाप्रमाणे माथ्यावर मोडणाराचे नाव घातले, 'धोंडोपंताचे कलम.' पंतांनी ते वाचले आणि त्यांचे डोळे भरून आले. ते चाकजोड्यांनिशीच घराकडे निघाले, आणि दार येईतो थांबले नाहीत, आणि दारावर आदळून आत हाक दिली, "अहो, ऐकलं का, पेढे करा."

येणेप्रमाणे रिंगण राहिले, कोंडवाडा वेशीबाहेर दुसऱ्या जागी जाहला. कलमे पुढे चारशेंवर गेली, पैकी धोंडोपंतांची सहा. तेराव्या कलमात अजून एक भोक आहे, ते ही हकीकत लिहिणारास ठाऊक आहे, पण त्याचे स्वतःचे एकही कलम अद्याप नसल्याकारणे तो ते येथे सांगत नाही. लेखनसीमा.