आतून 'ये' म्हणेपर्यंत

ऋतुजा बंद घराचे कुलूप काढण्याआधी दारावर टकटक करते, आणि आतून कोणीतरी 'ये' म्हणेल म्हणून थांबते. घरात कोणी नाही हे तिला माहीत असते. किल्ली तिच्याच मुठीत असते. तरी ती थांबते. ओढणी सारखी करते, केस कानामागे घेते आणि पाहुण्यासारखी उभी राहते. मग "मी इलंय हां!" असे आतपर्यंत ऐकू जाईल इतक्या आवाजात सांगते आणि किल्ली फिरवते.

"आज कोणी उत्तर दिलं का गं?" मी एकदा थट्टेने विचारले.

"आज नाय," ती म्हणाली.

तो 'आज' मी घरापर्यंत सोबत घेऊन आले.

मुलांनो, तुम्ही आपली वाडी पाहता ती मे महिन्यात. तेव्हा इथे पोरे असतात, आंबे असतात, शौचालयासाठी रांग असते. तुमचे विमान उडाले की वाडी मिटते. घरे पडकी नाहीत बरे का. रंगवलेली आहेत, खिडक्यांना ग्रिल आहेत, एकाच्या छपरावर सोलरसुद्धा आहे. फक्त आत माणूस नाही. सगळे मुंबईला. पण घर बंद असले तरी तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लागला पाहिजे, असे इकडे मानतात. नाहीतर घर परके होते म्हणे. म्हणून प्रत्येक घराची किल्ली कोणा शेजाऱ्याकडे असते. आमच्या वाडीतल्या सगळ्या किल्ल्या ऋतुजाकडे असत. त्या आधी तिच्या आईकडे होत्या. आई वारली तेव्हा ऋतुजा तिसरी-चौथीत असेल. तिचा बाप बाबी रिक्षा चालवतो. त्याला संध्याकाळी मालवण-कुडाळ फेऱ्या असतात. त्यामुळे किल्ल्यांचा जुडगा पोरीच्या हातात आला तो आलाच.

हे घडले तेव्हा ती बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होती. विषय प्राणिशास्त्र, आणि त्यातही खाडीतले शिंपले. ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरून ती शिंपले गोळा करते, त्यांच्या पाठीवरच्या रेघा भिंगातून बघते आणि त्यांचे वय सांगते. इतर लोक त्यांचे कालवण करतात. दूरच्या एका संस्थेत जाऊन यातच एमएस्सी करायचे, समुद्रावर संशोधन करायचे, ही तिची महत्त्वाकांक्षा. डोके उत्तम. अडचण एकच होती. जिवंत माणसासमोर तिला बोलता येत नसे.

माझ्याशी बोले, बापाशी बोले, झाले. परके माणूस समोर आले की तोंडाचा शिंपला मिटायचा. कॉलेजच्या तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले होते. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "तुमचं नाव?" ऋतुजाला उत्तर येत होते. पण ते बाहेर पडेना. शेवटी तिच्या सरांनी तिच्या वतीने नाव सांगितले आणि परीक्षकांनी तिला पाणी दिले. बाकी काही विचारण्याचे धैर्य त्यांनाही झाले नाही.

आणि हीच मुलगी बंद घरात धबधब्यासारखी बोले.

मला ते कळले एका संध्याकाळी, आप्पांच्या घरावरून येताना. आप्पांना जाऊन बरीच वर्षे झाली. त्यांचा मुलगा बोरिवलीला. घराची बाहेरची कडी काढलेली होती, आत दिवा दिसत होता, आणि आतून ऋतुजाचा आवाज येत होता, स्वच्छ शुद्ध मराठीत. मग शांतता. कोणी प्रश्न विचारावा इतका वेळ. मग पुन्हा ऋतुजा: "हो, आप्पा. शिंपल्याला हृदय असतं." पुन्हा शांतता. "नाही, मेंदू असा नसतो. पण अंधार आला की त्याला कळतं."

मी खिडकीतून डोकावले. समोरच्या भिंतीवर हार घातलेले फोटो: आप्पा, त्यांच्या पत्नी, त्यांचे वडील, आणि कोणीतरी पगडीवाले. खाली चार खुर्च्या मांडलेल्या. त्यांच्यासमोर ऋतुजा हात मागे बांधून उभी. कोपऱ्यातले लंबकाचे घड्याळ टिकटिकत होते, कारण त्याला चावी तीच देई. झोपाळा किंचित हलत होता. वारा मला तरी लागत नव्हता.

"मुलाखतीची तयारी करतंय, आजी," तिने नंतर सांगितले. "चौकटीतली माणसां माका काय करनत नाय. आणि आप्पा मधेच तोडनत नाय."

"आणि उत्तर चुकलं तर?"

"मगे ते दुसरीकडे बघतत."

आमच्या शेजारच्या सुनंदाला हे मुळीच पसंत नव्हते. "ओ बाई, ता चेडू भुतांची शाळा घेता!" ती मला सांगे. "तुम्ही इंग्रजी शिकलेली माणसां, तुमका काय नाय वाटाचा. माझी म्हस त्या घरासमोरून जाणा नाय." म्हैस पूर्वीही जात नव्हती, कारण तिथे चरायला काही नाही. पण हे सुनंदाला कोण सांगणार?

भुतांच्या शाळेला शिस्त मात्र होती. प्रत्येक घरात वेगळा विषय. आप्पांकडे मुलाखत. फोटोत ताठ बसलेल्या एका निवृत्त फौजदारांकडे इंग्रजी. आणि माईंच्या घरी मुख्य विषय, कारण माईंचा फोटो सगळ्यात मोठा. फक्त शिंपल्यांच्या प्रजननाचा धडा आला तेव्हा ऋतुजा अडली. माई फार सोवळ्या होत्या. "त्यांका बरां दिसाचा नाय," म्हणून तिने माईंचा फोटो भिंतीकडे तोंड करून लावला, धडा म्हटला, दिवा लावला आणि फोटो सरळ करायला विसरली.

दुसऱ्याच दिवशी माईंची सून मुंबईहून आली, गणपतीआधीची साफसफाई करायला. दार उघडले तर सासूबाई भिंतीकडे तोंड करून.

तिने जी किंकाळी फोडली ती खाडीपलीकडे गेली असेल. सासूबाई रुसल्या, यात कोणालाच शंका उरली नाही. सुनेला स्वतःलाच त्याची दहा कारणे आठवली आणि ती रडत रडत सगळ्यांसमोर बोलून गेली. गावकरांना, म्हणजे देवाच्या मानकऱ्यांना, बोलावले, नारळ ठेवला, गाऱ्हाणे घातले: "बा देवा म्हाराजा, ह्या घरातल्या म्हातारेचा मन दुखवला असात, तर ता सांभाळून घे रे म्हाराजा!" सगळ्यांनी हात जोडून म्हटले, "व्हय म्हाराजा!" त्या गर्दीत ऋतुजाही होती. खाली मान घालून तीही म्हणाली, "व्हय म्हाराजा." तिचे 'व्हय' सगळ्यात मनापासूनचे होते, हे मी शपथेवर सांगते. तेव्हापासून सून दर आठवड्याला फोन करून विचारते, "सासूबाई सरळ आहेत ना?"

एमएस्सीच्या जागेसाठी मुलाखत ठरली. तीही लॅपटॉपवरून. जागा थोड्या. ही संधी गेली तर पुढे काय, हे बाबीने ठरवून ठेवले होते: कुडाळच्या एमआयडीसीत पॅकिंगचे काम. तो वाईट माणूस नाही. पोरगी नाव सांगताना अडते, तिला लांब कसे पाठवायचे, एवढाच त्याचा हिशेब.

वाडीत नेटवर्क नीट मिळते ते फक्त आप्पांच्या माडीवर. लॅपटॉप माझा. मीही गेले आणि दाराशी, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशा जागी, खुर्ची टाकून बसले. भर दुपार होती. ऋतुजाने खालून आप्पांचा फोटो आणून लॅपटॉपमागच्या भिंतीवर, स्वतःच्या समोर, टांगला.

पडद्यावर तीन चेहरे उमटले. तीन चौकटी, खाली प्रत्येकाचे नाव. ऋतुजाने त्यांच्याकडे पाहिले, मग आप्पांकडे पाहिले, आणि तिच्या खांद्यांवरचा ताण उतरलेला मला दारातूनही दिसला. तिला सवयीची माणसे भेटली होती.

तिने नाव सांगितले. मी खुर्चीत मागे टेकले.

मग ती बोलतच गेली. शिंपले, चिखल, रेघा, खारे पाणी. मधल्या चौकटीतले सर मध्येच म्हणाले, "एक मिनिट. तुमच्या मागे ते गृहस्थ कधीपासून उभे आहेत. त्यांना सांगा, बसले तरी चालेल."

मी बघितले. तिच्या मागे कोणी नव्हते. काचेचे कपाट आणि बंद खिडकी.

ऋतुजाने मान वळवलीसुद्धा नाही. "सर, ते घरमालक आहेत," ती म्हणाली. "ते ऐकत आहेत." आणि पुढचे वाक्य सुरू केले.

मुलाखत संपली. सर धन्यवाद म्हणाले. आणि ऋतुजा, रोज फोटोंसमोरून निघताना करते त्या सवयीने, उठली, ओढणीच्या टोकाने लॅपटॉपचा पडदा पुसला, डोक्यातले अबोलीचे फूल काढून पडद्याच्या वर ठेवले, हात जोडले आणि म्हणाली, "येतंय हां. सांभाळून रवा."

तिन्ही चेहरे अजून पडद्यावर होते. चांगले जिवंत. आपल्याला फूल वाहिलेले त्यांनी पाहिले. मग कडेच्या चौकटीतल्या वयस्कर मॅडमनी अगदी गंभीरपणे हात जोडले, आणि पडदा काळा झाला.

"गेला!" ऋतुजा खाली बसली. "आजी, मी त्यांका मारून टाकलंय!"

ती पायऱ्यांवर रडत असताना मी माडीवर थांबले. मला कोणतीही गोष्ट जागच्या जागी लागते. मी लॅपटॉपसमोर बसून मागे पाहिले. कपाटाच्या काचेत समोरच्या भिंतीवरचे आप्पा दिसत होते. म्हणजे ते प्रतिबिंब. माझे समाधान झाले. मी लॅपटॉप मिटला, फोटो काखेत घेतला आणि जिना उतरू लागले. अर्ध्या जिन्यात मी थांबले. फोटोतले आप्पा खुर्चीत बसलेले आहेत.

हे मी ऋतुजाला सांगितले नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही लांब आहात.

तिची निवड झाली. बाबीने रिक्षाला हार घातला आणि दिवसभर कोणाकडून भाडे घेतले नाही. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी ऋतुजा किल्ल्यांचा जुडगा घेऊन माझ्याकडे आली. कोणती किल्ली अडते, कोणत्या घरात पाल आहे, माईंना कोणते फूल आवडत नाही, सगळे समजावले. मग चुळबुळत उभी राहिली.

"आजी, तुमचो एक फोटो द्या मा. मोठो. फ्रेम केलेलो."

"कशाला?"

"हॉस्टेलात टेबलार ठेवतलंय. समोर."

मी चष्मा काढला. "ऋतुजा, मी अजून आहे."

"म्हणानच तर!" ती कळवळून म्हणाली. "सगळे गेलेलेच आसत माझ्याकडे. माका एक तरी जिवंत होयी. थंयसर वर्गात जित्या माणसांसमोर बोलाचा लागतला, मगे सवय नको?"

मला हसू आले, आणि रागही. "तुझ्या आईचा फोटो ने की."

"बाबा लावूक देनत नाय," ती म्हणाली. "फोटो लावलो काय माणूस गेला असां ठरता, म्हणतत."

ती जुडग्यातल्या किल्ल्या एकेक करून सरकवत राहिली. मग खाली बघूनच बोलली. शाळा सुटली की ती दप्तर घेऊन सरळ घरी येत नसे. आई कुठल्या तरी बंद घरात झाडलोट करत असे. एकटी बाई म्हणून आतून कडी लावून घेई. कुठल्या घरात ते ठरलेले नसायचे. मग ही पोर घरोघर जाऊन टकटक करायची आणि थांबायची. एका दारातून शांतता, दुसऱ्या दारातून शांतता, आणि मग कुठल्या तरी एका दारातून आवाज यायचा, "ये गो बाय, ये."

"माका ठावक आसा, आता आवाज नाय येवचो," ऋतुजा म्हणाली. "पण न थांबता दार उघडला आणि नेमको त्याच दिवशी इलो तर?"

मी तिला फोटो दिला नाही. माझा फोन दाखवला आणि म्हटले, "चौकट हवी ना तुला? ही घे. हिच्यात मी हलते, बोलते आणि मधेच तोडते. चालेल?"

दुसऱ्या दिवशी बाबीने तिला कुडाळ स्टेशनवर सोडले.

आता किल्ल्या माझ्याकडे आहेत. संध्याकाळी मी दिवे लावायला जाते. टकटक करते, कारण न करणे आतल्यांना बरे दिसत नाही. सुनंदा माझ्याकडेही आता जरा लांबूनच बघते. घड्याळाला चावी देते. आप्पांच्या खुर्च्या आहेत तशाच ठेवल्या आहेत, आणि मुलगी बरी आहे, वर्गात काल दोन प्रश्न विचारले म्हणाली, एवढे त्यांच्या कानावर घालते.

घरी येऊन हातपाय धुते तोवर फोन वाजतो. मी उचलते. पडदा आधी काळाच असतो, ती अजून दिसत नाही. फक्त तिकडून बोटाच्या पेराने काचेवर वाजवल्याचा आवाज येतो. टक, टक. आणि ती थांबते.

"ये गो बाय," मी म्हणते. "ये."