मझार कोनी नको

आमच्या धानोऱ्यातले धुडकू आप्पा मारुतीच्या देवळात गेले की आधी पुजाऱ्याला बाजूला सरकवतात. "महाराज, जरा तिकडे व्हा. माले देवसंगे सरळ बोलनं शे. मझार कोनी नको." पुजारीही आता सरावला आहे. आप्पांची पांढरी टोपी दारात दिसली की तो आपणहून घंटेखाली जाऊन उभा राहतो. आप्पा देवाशी घटकाभर बोलतात, बहुधा गुडघ्यांबद्दल, आणि समाधानाने बाहेर येतात. देवाने काय उत्तर दिलं हे त्यांना कोणी विचारत नाही, कारण विचारणारा लगेच मधला ठरतो.

मझार म्हणजे मध्ये. हा शब्द आप्पांच्या तोंडात सुपारीसारखा असतो. चहाच्या टपरीवर ते वेटरला चहा सांगत नाहीत, उठून थेट चुलीपाशी जातात. एसटीत कुठे उतरायचं ते कंडक्टरला न सांगता ड्रायव्हरच्या कानात सांगतात. नंदुरबारच्या दवाखान्यात कंपाउंडरने विचारलं, "काय होतंय आजोबा?" तर म्हणाले, "ते मी डॉक्टरले सांगसू. तू कोन?" पुतण्याच्या लग्नात त्यांना दोन शब्द बोलायला उभं केलं, तर त्यांनी माइक खाली ठेवला आणि मांडवातल्या शेवटच्या रांगेपर्यंत चालत जाऊन आशीर्वाद दिले. माइकसुद्धा मझारलाच, असं त्यांचं म्हणणं.

गंमत अशी, की या माणसाने सगळी हयात बैलबाजारात दलाली केली. घेणारा एकीकडे, विकणारा दुसरीकडे आणि मधे आप्पा. खांद्यावरचा रुमाल हातावर टाकायचा, त्याखाली बोटं धरायची, दाबायची, भाव ठरवायचा. वरून बघणाऱ्याला नुसता हलणारा रुमाल दिसतो. आत काय चाललंय ते दोन हातांनाच ठाऊक. असा माणूस म्हातारपणी मधल्यांच्या विरुद्ध उठला, म्हणून गाव हसायचं. आप्पांना त्याचं काही नव्हतं. "मी मझार बसेल शे. मझारलाले काय काय ऐकू येस, ते माले इचार," असं म्हणून ते तोंड मिटत.

मी त्यांचा शेजारी. नंदुरबारला संगणकाचे क्लास घेतो. माझा स्वभाव मोजकं बोलण्याचा. मनातलं मनात ठेवण्यात मला कोणी हरवणार नाही. पण या गोष्टीत माझाही हात आहे आणि तो काही फारसा स्वच्छ नाही, म्हणून सरळच सांगतो.

आप्पांना एकच मुलगी, मंगला. लग्न होऊन सुरतेला असते. बाप आणि लेक एकमेकांशी कधी थेट बोललेच नाहीत. भांडण नव्हतं, तशी रीतच पडून गेली होती. आप्पा ओट्यावर बसून म्हणत, "तिले सांग, गाडीना टाइम व्हई गया." आणि दोन हातांवर असलेल्या स्वयंपाकघरातून मंगला म्हणे, "त्यासले सांग, मी तयार शे." दोघांचं दोघांना स्पष्ट ऐकू यायचं. तरी सुमनकाकू, म्हणजे आप्पांची बायको, उंबऱ्यात उभी राहून प्रत्येक वाक्य इकडून तिकडे पोचवायची. कधी वैतागून म्हणायची, "तुम्हना दोन्हीसना कान शेतस का भोकं?"

काकू गेली. तेरावं झालं, मंगला सुरतेला निघाली. मी तेव्हा तिथेच होतो. ती पिशवी उचलून पायरीवर आली आणि आप्पा खाटेवरून म्हणाले, "तिले सांग, सांभाळीसन जाय." सांगायला घरात कोणीच नव्हतं. मंगला क्षणभर थांबली, मग गेली. देवळातला पुजारी त्यानंतरच्या आठवड्यात घंटेखाली उभा राहायला लागला.

आता माझा भाग. मंगला रोज संध्याकाळी मला फोन करू लागली. "काका, आप्पा कसा शेतस? जेवनात का?" मी सांगायचो. मग आप्पा कुंपणाशी येऊन, जणू बैलाच्या दाताबद्दल विचारतायत अशा आवाजात विचारायचे, "काय म्हने ती?" मी तेही सांगायचो. सुरुवातीला जेवढं आहे तेवढंच सांगितलं. पण दोन्हीकडचे निरोप इतके कोरडे असत, की मी त्यांना थोडं पाणी लावू लागलो. मंगलाला म्हणालो, "आप्पा रोज तुझं नाव काढतात." त्यांनी ते काढलं नव्हतं. आप्पांना म्हणालो, "मंगला म्हणते, घरची कळण्याची भाकरी खाऊन जमाना झाला." तीही तसं म्हणाली नव्हती. माझ्या शब्दांवर दोन घरं खूश होत होती आणि मला, खरं सांगतो, ते आवडायला लागलं होतं. गावात मला इतकी किंमत दुसरीकडे कुठे नव्हती.

मग आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, जवळ आली. आमच्याकडे आखाजीला सासरी गेलेली लेक माहेरी येतेच. लिंबाला झोके बांधतात, पोरी गाणी म्हणतात. पण लेक आपली आपण येत नाही. तिला आणायला माहेरचा माणूस जातो, मुराळी. भाऊ नसला तर चुलतभाऊ, तोही नसला तर शेजारी. मी मनाशी धरून चाललो होतो की यंदा मुराळी मीच. मंगलाने फोनवर ते मोडून काढलं. "काका, तुम्ही येऊ नका. आप्पाले सोता बोलावू द्या. त्यासनी सोता सांगं तरच मी येसू. नही तर आते कधीच नही."

मी हे आप्पांना जसंच्या तसं सांगितलं. पाणी न लावता सांगितलेला तो माझा पहिला निरोप. आप्पा बराच वेळ रुमालाची घडी करत राहिले. मी म्हणालो, "फोन लावून देऊ? व्हिडिओ लावू?" तर म्हणाले, "त्या फोनमा मझार कंपनी बठेल ऱ्हास. मन्ही आंडेरसंगे बोलाले माले कंपनी नको. सरळ लाइन शे का तुन्हाजोडे?"

आंडेर म्हणजे लेक. आणि सरळ लाइन माझ्याकडे होती, हीच तर अडचण.

ब्राउझरमध्ये, म्हणजे ज्यात आपण इंटरनेटची पानं उघडतो त्यात, एक सोय आहे. दोन माणसांनी आपापल्या ठिकाणी एक पान उघडायचं. त्यांची यंत्रं एकमेकांची ओळख करून घेतात आणि मग आवाज न् चित्र थेट एकाकडून दुसऱ्याकडे जातं. जाताना ते असं गुंडाळलेलं असतं, की वाटेत कोणी कान लावला तरी त्याला काही कळत नाही. मी हे क्लासमध्ये शिकवतो. आप्पांना सांगितलं तर त्यांचे डोळे मोठे झाले. "म्हंजे रुमालखाले हात!"

"अगदी तेच," मी म्हणालो. "फक्त पहिली ओळख करून द्यायला एक मधला लागतो. याचा पत्ता त्याला, त्याचा पत्ता याला."

"हाऊ उना मझारला!" आप्पा उठलेच. "त्याले काढ."

मधला काढायचा तर ती ओळखीची माहिती हाताने पोचवावी लागते. मी ती छापून दाखवली. पानभर अक्षरं आणि आकडे, मंत्रासारखे. आप्पांनी मला पुढे काही बोलू दिलं नाही. कागदाची चौघडी केली, खिशात घातली आणि दुसऱ्या दिवशी सुरतेला निघालेल्या भाचीच्या पदराला बांधून दिली. भाची वाटेत खापर गावी नणंदेकडे मुक्काम करून पुढे गेली. कागद मंगलाच्या हातात पडला तेव्हा माझ्या लॅपटॉपवरची ती ओळख कधीच शिळी झाली होती. इकडे आप्पा टोपी घालून माझ्या ओट्यावर पडद्यासमोर बसून. पडद्यावर आप्पाच. "हाऊ डोकरा कोन शे?" त्यांनी चिडून विचारलं.

मंगलाचा फोन मला आला. "काका, तो कागद पत्रिका म्हनीसन जोशीले दखाडू का मशीनमा टाकू?"

मी आप्पांना पुन्हा समजावलं, यावेळी त्यांच्याच धंद्यातून. "आप्पा, चांगला दलाल काय करतो? दोघांचे हात जुळवतो, वर रुमाल टाकतो आणि बाजूला होतो. हा मधला तसलाच. ओळख झाली की निघून जातो. भाव ऐकायला थांबत नाही."

आप्पांनी विचारलं, "दलाली घेस का?"

"नाही."

"मंग तो दलाल नही, भला माणूस शे," ते म्हणाले. "चालं."

झालं. आप्पा तयार, मंगला तयार. आणि मी मागे सरलो. एकदा म्हणालो नेट कमी आहे. एकदा म्हणालो मोबाइलच्या नेटवर थेट जोडणी धड होत नाही. हे अर्धं खरं होतं आणि अर्ध्या खऱ्याचा मी पुरेपूर वापर केला. भीती अशी, की दोघं थेट बोलले तर माझे सगळे निरोप उघडे पडणार. आणि त्याहून लपवलेली गोष्ट ही, की मग संध्याकाळी माझा फोन वाजणार नव्हता. मंगला तिकडे दिवस मोजत होती, म्हातारा इकडे रोज धुतलेली टोपी घालून येत होता आणि मी मधे बसून होतो.

शेवटी आप्पांनीच मला सोडवलं. एका सकाळी ते कुंपणाशी आले तर दोन्ही हात पिठाने पांढरे. म्हणाले, "मास्तर, भाकर गोल येत नही. कळण्यासाठे ज्वारी-उडीद गिरनीमा दयी आननू, पन थापता येत नही. ती काय म्हनी व्हती, घरनी भाकर? आखाजीले ती उनी तर कोन करी देई?"

माझ्या थापेसाठी हा माणूस भाकऱ्या थापायला बसला होता. मी आत गेलो, लॅपटॉप आणला आणि त्यांच्या ओट्यावर ठेवला.

पान उघडलं. मंगलाने सुरतेला उघडलं. गोल फिरायला लागलं, फिरलं आणि एकदम तिचा चेहरा समोर. मागे निळी भिंत, कपाळावर केस. आवाज तर असा लख्ख, की तिच्याकडच्या कुकरची शिट्टी आप्पांच्या ओट्यावर झाली. मी आयुष्यात बऱ्याच गोष्टी जोडून दिल्यात, पण असा आनंद मला कधी झाला नव्हता.

 मग आप्पांनी खाकरून, तिच्याकडेच बघत, मला म्हटलं, "तिले सांग..."

त्याच वेळी तिकडून, "काका, त्यासले सांगा..."

मी खांबाकडे बघत उभा राहिलो. एक अक्षर बोललो नाही. माझ्यासारख्या माणसाला गप्प राहणं इतकं जड गेल्याची ती पहिलीच वेळ.

 आप्पांनी आत जाऊन एक भाकरी आणली आणि पडद्यासमोर धरली. गुजरातच्या नकाशासारखी होती. "ले. तू म्हनी व्हती ना, जमाना व्हई गया."

मंगलाने भाकरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझे कान तापले. पोरीला सगळं कळलं होतं. "हां आप्पा," ती सावकाश म्हणाली, "मीच म्हनी व्हती." आणि मग, "तुम्ही म्हने रोज मन्हं नाव काढतस?"

आता आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. हयातभर दुसऱ्यांच्या बोटांतून खोटा भाव ओळखलेला माणूस. "काढस ना," ते पडद्याकडे वळून म्हणाले. "मोठ्याथीन काढत नही, येवढंच."

मंगला हसली आणि हसता हसता तिने पदर डोळ्याला लावला. "भाकर कच्ची दिखी ऱ्हायनी."

"कच्ची? चष्मा लाव! चांगली भाजेल शे!"

"कड दखा ना तिनी!"

"कड दखाले तू आठे ये ना मंग! आखाजीले ये! मी बोलावी ऱ्हायनू, मी, तुन्हा बाप! ऐकू येस का?"

"येस येस. वरडू नका, कान फुटनात मन्हा. येसू!"

गल्लीतली माणसं दारात आली. कोणीतरी विचारलं, "आप्पा कोनसंगे भांडी ऱ्हायनात?" मी म्हणालो, "लेकीशी." आणि मला इतकं हसू यायला लागलं, की मी पायऱ्या उतरून सरळ लिंबाखाली जाऊन बसलो. माझ्या पाठीमागे दोघांचा आवाज चढत होता. भाकरीवरून औषधाच्या गोळ्यांवर, गोळ्यांवरून जावयाच्या नोकरीवर. कितीतरी वर्षांचं भांडण तुंबून होतं.

त्या संध्याकाळी माझा फोन वाजला नाही. जेवताना तो ताटाशेजारी ठेवला होता, नाही म्हणत नाही. जेवण आटोपून मी लॅपटॉप आणायला आप्पांकडे गेलो.

आप्पा ओट्यावर त्याच्यासमोर बसले होते. पडद्यावर मंगला नव्हती. नुसती निळी भिंत दिसत होती आणि कुठूनतरी लाटण्याचा आवाज येत होता. तिने मोबाइल फळीवर टेकवून ठेवला असावा. मी तोंड उघडणार, तोच आप्पांनी हात वर केला. "ती पोळ्या करी ऱ्हायनी," ते हळूच म्हणाले.

"मग बोला की."

"बोलनं व्हई गयं," आप्पा म्हणाले. "आते ऐकी ऱ्हायनू."

मी चार्जर आणून भिंतीत लावला आणि तसाच परत आलो.