आत्म्याच्या ग्रंथात गुडघेदुखी

या, असे जवळ या. तिकडे दाराशी कशाला बसलात? कीर्तनात बुवांच्या मागे ओरडून ओरडून माझा आवाज बसलाय, लांबून ऐकू यायचा नाही. एक गोष्ट सांगतो. फजिती माझीच आहे, तेव्हा पदरचं काही घालायची गरज नाही. हसू आलं तर खुशाल हसा. मीही हसतो मधूनमधून, एकटा असलो की.

मी बाइंडर. पुस्तकं बांधणारा. लेखक लिहितो, मशीनवाला छापतो, पण मी बांधत नाही तोवर त्या सगळ्या ज्ञानाची किंमत रद्दीची! मोठा कागद दोन्ही बाजूंनी छापून, घड्या घालून सोळा पानांची जी जुडी होते, तिला आम्ही फर्मा म्हणतो. असे दहा फर्मे क्रमाने लावायचे, शिवायचे, पुठ्ठा चढवायचा, की झालं एकशेसाठ पानांचं पुस्तक. अडतीस वर्षं एकाच छापखान्यात मी हेच केलं, आणि अडतीस वर्षांत एक फर्मा इकडचा तिकडे झाला नाही, असं मी छाती ठोकून सांगत असे. छाती ठोकायला काय लागतं हो? छाती असली की पुरे!

फर्मे लावायचो मी आणि शिवायची आमची ही. गेल्या वर्षी ही गेली. सकाळी उठलीच नाही. कुणाला त्रास द्यायचा नाही हा तिचा जन्माचा हट्ट, तो तिने शेवटीही सोडला नाही.

तेव्हापासून खोलीत बोलायला एक कुलूप आहे. सकाळी निघताना त्याला म्हणतो, "येतो रे." संध्याकाळी म्हणतो, "आलो रे." गुणी आहे बिचारं, उलट बोलत नाही. पण या वयात उलट बोलणारंच माणूस हवं असतं!

आमचे मालक वयाने मला मुलासारखे, वडिलांच्या मागे छापखाना सांभाळणारे. मला काका म्हणतात. ही गेल्यावर मी कामावर परतलो, त्याच दिवशी टेबलाशी येऊन घुटमळत उभे राहिले.

"काका, दोघांचं काम आता तुम्ही एकटे कसं ओढणार? आता बाइंडिंग बाहेरूनच करून घेऊ म्हणतो. तुम्ही घरी आराम करा."

घरी आराम! म्हणजे दिवसभर कुलुपाच्या आतल्या बाजूला मी आणि बाहेरच्या बाजूला सगळं जग!

"मालक, ही तीन पुस्तकं रविवारच्या प्रकाशनाला हवीत ना? एकट्याने करून देतो."

"चूक झाली तर? तिन्ही लेखक समोर बसणार आहेत."

"एक चूक दाखवा. त्याच दिवशी सुई टेबलावर ठेवून घरी जाईन!"

जिभेला हाड नसतं. माझ्या जिभेला तर लगामही नाही. मालक म्हणाले, "बघा हं काका, मग मला बोल लावू नका."

आता ती तीन पुस्तकं कोणती, तर एक बुवांचं, आत्मा म्हणजे काय यावर. हे तेच बुवा, ज्यांचं कीर्तन असलं की मी पहिल्या रांगेत टाळी वाजवायला हजर. दुसरं डॉक्टरांचं, गुडघे आणि वजन यांवर. तिसरं प्राध्यापक बाईंचं, जुन्या काव्यांतल्या विरहिणींवर. तिन्ही एकाच आकाराची, एकाच कागदावर, एकाच टाइपात, दहा-दहा फर्म्यांची. तिळी भावंडंच जणू! कुठला फर्मा कुठल्या पुस्तकाचा, हे तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात छापलेलं असतं. शेजारी फर्म्याचा आकडा मात्र चांगला ठळक.

वेळ वाचावा म्हणून मी युक्ती केली. तीन टेबलं तीन बाजूंना मांडली. उजवीकडे बुवा, समोर डॉक्टर, डावीकडे बाई. मध्ये मी! एका टेबलावरून एक ते दहा आकडे उचलायचे, पुस्तक झालं की दुसऱ्याकडे वळायचं. प्रकाशनापुरत्या प्रत्येकी पंचवीस प्रती. काय अवघड आहे?

आणि काम करताना मी गातो. कीर्तनातलं एखादं पद घेतो, दर चरणाला एक फर्मा उचलतो. दोन चरण झाले की ध्रुपदाची ओळ पुन्हा, आणि ध्रुपदाला बुवा घेतात तशी एक झोकदार गिरकी! असा रंग चढला म्हणून सांगू! छापखान्यात दुसरं कुणी गाणारं नाही, त्यामुळे दादही मीच दिली. शनिवारी दुपारपर्यंत पंचाहत्तर प्रती लावून, शिवून, पुठ्ठे चढवून तयार. पहिल्या फर्म्यावर ज्याचं नाव, त्याचा पुठ्ठा. तिन्ही टेबलं स्वच्छ! एकही फर्मा उरला नाही, एकही कमी पडला नाही.

"बघितलंस?" मी मशीनवाल्याला म्हटलं. "याला म्हणतात हिशेबी हात!"

"काका, मानलं तुम्हाला," तो म्हणाला. मी घरी जाऊन कुलुपालाही सांगितलं.

रविवारी पाच वाजता सभागृह गच्च भरलं होतं. मी शेवटच्या रांगेत बसलो आणि सवयीने शेजारच्या खुर्चीवर पिशवी ठेवली. एक गृहस्थ आले.

"इथे कुणी यायचंय का?"

"नाही," मी म्हटलं आणि पिशवी मांडीवर घेतली. हा प्रश्न लोक किती सहज विचारतात!

व्यासपीठावर मालक, बुवा, डॉक्टर आणि बाई. आधी बुवा उठले. बुवांचं वाचणं म्हणजे अर्धं गाणंच. कोरं पुस्तक उघडलं, बत्तिसाव्या पानावर आले आणि आवाज चढवला:

"'म्हणून ज्याला आपलं खरं स्वरूप ओळखायचं आहे, त्याने सर्व व्याप बाजूला ठेवून...'"

नजर समोरच्या तेहतिसाव्या पानावर गेली.

"'...कोमट पाण्यात दोन्ही पाय बुडवून वीस मिनिटं स्वस्थ बसावं.'"

मी कान टवकारले. सभागृहात मात्र कुजबुज झाली ती कौतुकाची! पुढच्या रांगेतल्या एक आजी शेजारणीला म्हणाल्या, "बघ, किती सोपं करून सांगतात! घोट्यापर्यंत की पोटरीपर्यंत, ते विचार गं."

बुवा क्षणभर अडखळले. पण चाळीस वर्षं कीर्तन केलेला माणूस तो, पेटी बंद पडली तरी सूर सोडत नाही!

"श्रोते हो, पाय म्हणजे काय? पाय म्हणजे आपला अहंकार! तो कशात बुडवायचा? कोमट पाण्यात, म्हणजे समत्वात! ना राग, ना लोभ. कोमट!"

"वा बुवा, वा!"

"'नंतर तेल घेऊन हलक्या हाताने खालून वर चोळावं.' तेल म्हणजे प्रेम! खालून वर म्हणजे देहाकडून देवाकडे!"

टाळ्यांचा कडकडाट! आता बुवांना जोर आला. त्यांनी पुढचं वाक्य आधी मनात न वाचताच खणखणीत आवाजात म्हटलं:

"'एवढ्यानेही उतार न पडल्यास पोटाचा घेर कमी करावा.'"

आणि बुवांनी स्वतःच्या पोटाकडे पाहिलं. सगळ्या सभागृहानेच पाहिलं. पोट चांगलं ऐसपैस, दोन श्रोते सावलीला बसतील एवढं! त्याला रूपक काही सुचेना.

तेवढ्यात डॉक्टर ताडकन उठले.

"बुवा, हे प्रकरण माझं आहे! शब्द न् शब्द माझा!"

"डॉक्टर, ज्ञान कुणा एकाचं नसतं..."

"ज्ञान नसेल! गुडघा माझा आहे!"

बुवांनी डॉक्टरांच्या हातातली प्रत ओढली, भराभरा पानं उलटली आणि गरजले, "मग तुमच्या पासष्टाव्या पानावर माझा आत्मा काय करतोय? सांगा ना! काय करतोय?"

"मला काय विचारता? तुमचा आत्मा तुम्हाला सांभाळता येत नाही?"

आता बाई उभ्या राहिल्या. आपली प्रत त्यांनी छातीशी धरली होती.

"माझी नायिका बत्तिसाव्या पानावर दारात उभी राहून त्याची वाट बघतेय. आणि तेहतिसाव्या पानावर लिहिलंय, 'वाट बघणारा कोण आणि यायचा कोण? दोन्ही भासच!' चौदा वर्षं घालवली हो मी तिच्यावर! भास?"

लोक खदाखदा हसले. मला मात्र हसू आलं नाही. त्या बाईंपेक्षाही त्या नायिकेचं मला वाईट वाटलं. बिचारी दारातच राहिली.

आणि मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ध्रुपद! गिरकी! पुस्तक पूर्ण झाल्यावर वळायचं ते मी दर ध्रुपदाला वळत होतो! दोन फर्मे बुवांचे, गिरकी, दोन डॉक्टरांचे, गिरकी, दोन बाईंचे! आकडा प्रत्येक वेळी बरोबर उचलला, पण टेबल दुसरंच! फर्मे उरतील कसे? पंचाहत्तरच्या पंचाहत्तर प्रती मी अगदी निष्ठेने चुकवल्या होत्या!

व्यासपीठावर चोरीचे आरोप सुरू झाले. डॉक्टर म्हणाले, "यापुढे या प्रकाशकाला एक ओळ देणार नाही!" मालक घामाघूम. त्यांनी ध्वनिक्षेपक ओढला.

"शांत व्हा, शांत व्हा! चूक लेखकांची नाही. आमच्या मशीनवाल्याकडून पानं उलटसुलट छापली गेली. उद्यापासून त्याला..."

मशीनवाला दाराशी पाण्याचे ग्लास घेऊन उभा होता. "मालक, मी बरोबर छापलं हो," एवढंच तो म्हणाला, तेही इतक्या हळू की माझ्यापलीकडे कुणाला ऐकू गेलं नसेल.

मी गप्प बसलो. खोटं कशाला सांगू, देवाचं नाव घेणारा माणूस मी, पण गप्प बसलो. डोळ्यांपुढे माझं टेबल आलं, सुई आली, सकाळचा पहिला चहा, येणाऱ्या-जाणाऱ्याचं "काय काका!" आलं. मग ती खोली आली. उठलो तर उद्यापासून फक्त खोली. उठलो नाही तर कुणाला कळणारही नाही.

कीर्तनाची आयुष्यभर टाळी वाजवली, पण कीर्तनातलं काही अंगाला लागलं का, हे बघायची वेळ अशी येते बघा. मांडीवरची पिशवी खाली पडली, तेव्हा कळलं की मी उभा आहे.

"चूक माझी!" मी ओरडलो. इतका वेळ दबलेला आवाज नेमका तेव्हा फुटला! "फर्मे मी लावले. गाताना गिरकी घेतली, तीन पुस्तकांची खिचडी केली. मशीनवाल्याचा काही दोष नाही. बुवा, डॉक्टर, बाई... माफ करा."

मग त्या पुढच्या आजींनी विचारलं, "म्हणजे पाय बुडवायचे की नाही?"

"बुडवा!" बुवा आणि डॉक्टर एका सुरात म्हणाले. आणि आधी बुवा हसले, मग डॉक्टर हसले. बाई हसल्या नाहीत, पण खाली बसल्या.

मालक मला बाहेर पायऱ्यांवर घेऊन आले. मी खिशातली सुई काढून त्यांच्यापुढे धरली.

"शब्द दिला होता. अडतीस वर्षांत ही पहिली चूक मालक, पण चूक ती चूक."

ते माझ्याकडे बघतच राहिले. "पहिली? काका, तुम्हाला खरंच माहीत नाही?"

"काय?"

"आठवड्याला वीस-पंचवीस चुका निघायच्या तुमच्या! काकू शिवायच्या आधी प्रत्येक प्रत तपासायच्या. पान न् पान, तळाची खूण न् खूण. चुकलेला फर्मा काढून बरोबरचा घालायच्या, मग सुई लावायच्या. बाबांना म्हणाल्या होत्या, यांना सांगू नका, यांचा गाण्यातला आनंद जाईल. बाबांनी जाताना हे मला बजावून सांगितलं होतं."

मी पायरीवर बसलो. मालकही शेजारी बसले.

"म्हणून तर तुम्हाला घरी बसा म्हणत होतो," ते म्हणाले. "तुम्ही एकटे काम करणार याचीच मला भीती होती." मग त्यांनी सुई माझ्या खिशात परत खोचली. "उद्या या. लावणारा दुसरा माणूस बघू. तुम्ही काकूंच्या जागेवर बसा आणि तपासा."

तर आता मी तिच्या स्टुलावर बसतो. त्या पंचाहत्तर प्रती उसवून पुन्हा शिवायच्या होत्या, पण परत आल्या सत्तेचाळीस. बाकीच्या लोकांनी दिल्याच नाहीत! एकाने तर निरोप पाठवला की गुडघ्याला उतार आहे, आत्म्याचं हळूहळू बघतो.

हे तपासणं मोठं चमत्कारिक काम आहे. तळाची बारीक खूण बघायची तर गाता येत नाही. मी करून बघितलं. ओठ हलले की नजर घसरते. अडतीस वर्षं मी तिच्या शेजारी मोठमोठ्याने गात असे आणि ती कधी साथ द्यायची नाही. मान खाली घालून बसायची. मी चिडायचो. "अगं, निदान टाळी तरी दे! तुला कीर्तनाची गोडीच नाही!" म्हणायचो. चारचौघांतही म्हणालोय.

ती म्हणायची, "तुमचं चालू द्या. मी ऐकतेय."

तुमच्याकडे पुस्तकं असतीलच. कुठलंही उघडलंत आणि पानामागून पान सरळ येत गेलं, तर लेखकाला नंतर आठवा, माझी तर आठवणही काढू नका. आधी तिची काढा. तिचं नाव कुठल्याच पुस्तकावर नाही. आणि तिला ऐकू जात असेल तर तेवढं सांगा, की ते हल्ली गप्प बसून काम करतात.