वाढत्या अंगाचं झाड

टेलरमास्तरांनी हॉलच्या कोपऱ्यासाठी शोभेचं झाड निवडलं ते टेप लावून. पानं बघा, ऊन किती येतं ते सांगा, म्हणून नर्सरीवाला घसा कोरडा करत होता. पण मास्तर ऐकतील तर शपथ! त्यांनी घरून कोपरा मोजून आणला होता, छत मोजून आणलं होतं. शाळेच्या युनिफॉर्मला वाढत्या अंगाचं सोडतात तसे बरोबर सहा इंच सोडून त्यांनी रबराचं झाड पसंत केलं. चाळीस वर्षांत आपलं माप चुकलेलं नाही, हे नर्सरीवाल्याला दोनदा ऐकवूनच ते निघाले.

कोपरा होता खिडकीचा. तिथे खुर्ची टाकून त्यांची बायको वीस वर्षं दुकानाची काजं-बटणं करत आली होती. खुर्ची तिला न विचारता स्वयंपाकघरात गेली. तिथल्या अंधारात सुईत दोरा ओवता ओवता बाईंच्या डोळ्यांना पाणी यायला लागलं.

झाडाने सहा इंच दोन महिन्यांत संपवले. मग शेंडा छताला टेकला, वाकला आणि पंख्याच्या दिशेने निघाला. पंखा बंद झाला. फांद्या खिडकीच्या गजांतून बाहेर गेल्या, मग खिडकीही लागेना. शेंडा छाटा, असं नर्सरीवाला म्हणाला, शेजारी म्हणाले, सासरहून मुलगीही फोनवर म्हणाली. मास्तर सगळ्यांना पुरून उरले.

"तयार मालाला मी कात्री लावत नाही," ते म्हणाले. "माप बरोबर आहे. छतच बसकं आहे."

"बरं," बायको म्हणाली. "मग उजेड असेल तिथे मी बसते."

दुसऱ्या दिवशी ती खुर्ची घेऊन थेट दुकानात आली आणि दाराशी, मास्तरांच्या टेबलाला खेटून बसली. गिऱ्हाइकांसमोर मास्तरांना तोंड उघडता येईना. आठवड्याभरात ब्लाउजवाल्या बायका मास्तरांना वळसा घालून तिच्याकडेच मापं द्यायला लागल्या. कुठे काचतं, कुठे सैल हवं, हे बाई विचारून घेतात, असं त्या मास्तरांच्या तोंडावर सांगत. मास्तरांनी आजवर कोणाला काही विचारलं नव्हतं.

शेवटी एका दुपारी मास्तर गुपचूप घरी गेले. परत आले तेव्हा हातात शेंडा होता आणि शर्टावर पांढऱ्या चिकाचे डाग.

"झालं तुझ्या मनासारखं? खिडकीत उजेड आलाय. चल घरी."

बायको एका गिऱ्हाइकाच्या खांद्याचं माप घेत होती. तिने मानसुद्धा वळवली नाही.

"अहो, कशाला कापलंत बिचाऱ्याला?" ती म्हणाली. "वाढू द्यायचं की. मी काही आता तिथे बसायची नाही."